बंद खोलीतून आलेली हजेरी

"रूपाली," मी नाव पुकारलं, 'गैरहजर' लिहिलं आणि पुढच्या नावावर सरकले. तेवढ्यात बारीक आवाज आला, "हजर, मॅडम."

मान वर केली. रूपालीची जागा रिकामी. वर्गातली चौदा पोरं फळ्या ठोकलेल्या दाराकडं बघत होती.

ईट गावाच्या पुढं, आडवळणी वस्तीवरची आमची शाळा. पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षक दोन. दुसरे सर तेव्हा ट्रेनिंगला गेलेले. एक खोली इंजिनियरनं धोकादायक ठरवली होती. स्लॅबला तडे, सळया उघड्या. अशी खोली पाडायची कागदोपत्री मंजुरी लागते, तिला निर्लेखन म्हणतात. ती येईपर्यंत बाहेरून कुलूप, आणि दोन खोल्यांमधल्या दाराला फळ्या. किल्ली माझ्या पर्समध्ये.

रूपाली तिसरीतली, हुशार. दिवाळीनंतर तिचे आईबाप ऊसतोडीला गेले. रानातल्या आखाड्यावर, शेतातल्या खोपटात, तिची चुलती राहते. ती म्हणाली, पोरगी पण गेली त्यांच्यासंगं. माझं डोकंच फिरलं. वर्गात सगळ्यांदेखत बोलले, जो महिनाभर हजेरी देणार नाही त्याचं नाव लाल शाईनं कापीन. असा नियमबियम काही नाही. माझं तोंडच तसलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रूपालीचाच आवाज, आणि फळ्यांच्या पलीकडून. तिसऱ्या दिवशी तिथून तान्ह्या बाळाचं रडणं आलं. मधेच तुटलं, कुणी तोंडावर हात ठेवल्यागत. पोरांनी आपापल्या बसायच्या पट्ट्या समोरच्या भिंतीकडं सरकवल्या. दुसरीतल्या एकानं हळूच विचारलं, "मॅडम, रूपाली मेली का ओ?"

त्याला गप्प केलं आणि पुढची नावं घाईनं उरकली. खिचडी शिजवणाऱ्या सुमनमावशींनी कुलपापाशी लिंबू आणि मूठभर खिचडी ठेवली. त्या खोलीत लई दिवसांपासून कुणीतरी हाय, म्हणाल्या, उगं उघडू नका. मी अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई. तरी चार दिवस किल्ली पर्समध्ये घेऊन हिंडले. खोलीत जायचं नाही असा वरून लेखी आदेश होता, त्याच्याआड लपले. खरं सांगते, मी घाबरले होते.

पाचव्या दिवशी नाव पुकारलं, सवयीनं 'गैरहजर' लिहिलं. "हजर, मॅडम." आणि लगेच आत धप्पकन काहीतरी पडलं. फळ्यांच्या फटीतून चुन्याची धूळ वर्गात आली. बाळ किंचाळलं आणि खोकायला लागलं. भुताला ठसका लागत नाही, एवढं मला कळलं.

धावले. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. सुमनमावशींनीच दगड घातला.

मागच्या खिडकीचे दोन गज गायब होते. कोपऱ्यात रूपाली, कडेवर चुलतीचं बाळ, दोघंही धुळीनं पांढरी. स्लॅबचा ढलपा तिच्यापासून हातभर अंतरावर पडलेला. भिंतीवर कोळशानं आधीच्या चारही दिवसांचा अभ्यास उतरवलेला, पाढ्यांसकट. मी फळ्याजवळ जे मोठ्यानं बोलले होते, ते सगळं.

दोघांना ओढून बाहेर आणलं. मारायला उचललेला हात तसाच राहिला. पोरगी ऊसतोडीला गेलीच नव्हती. चुलती सकाळी खुरपायला जाते, बाळ रूपालीच्या गळ्यात घालून. शाळेत दिसलीस तर तंगडी तोडीन, म्हणाली होती. आणि लाल शाईची गोष्ट वस्तीवरच्या पोरांकडून हिच्या कानावर गेली होती.

"मॅडम, म्या रोज हजर म्हनलं," ती म्हणाली. "नाव न्हाय ना कापलं?"

हजेरीपट माझ्याच हातात होता. तिच्या नावापुढं पाच दिवस 'गैरहजर', माझ्याच अक्षरात. मला रडू आलं, पोरांसमोर.

चुलतीला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ठरलं एवढंच, की रूपाली रोज येईल आणि बाळ पण येईल, सुमनमावशींच्या शेडमध्ये झोळीत. आठवड्यानं एका रविवारी स्लॅब आख्खा खाली बसला. पाडायची मंजुरी त्यानंतर आली.

पुढच्या तपासणीत साहेबांनी हजेरीपटावर बोट ठेवलं. सलग पाच ठिकाणी खाडाखोड कशी?

"पोरगी शाळेतच होती, साहेब," मी म्हणाले. "मीच दार उघडलं नव्हतं."

त्यांनी ताशेरा मारला तो मारलाच. पण आता हजेरीला कुठूनही आवाज आला की मी आधी उठून बघते, मग लिहिते.