हाजी बाद्दूच्या टाकीची राखण

मकास्सर शहरात हाजी बाद्दूच्या दिवाणखान्यात भिंतभर लांब, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. टाकी हाजीची, पण तिचं सगळं करायचा दाएंग सिक्की. तो डावा पाय फरफटत चालायचा, आणि पाहुणे आले की हाजी त्याला मुद्दाम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावायचा.

"समुद्रकाकड्यांनी ह्याचा पाय खाल्ला," तो पाहुण्यांना सांगायचा. "आता हा त्यांना खाऊ घालतो."

पाहुणे हसायचे. सिक्कीही हसायचा, कारण न हसल्यास हाजी तेच पुन्हा सांगायचा.

खरी गोष्ट अशी की पाय समुद्रकाकड्यांनी खाल्ला नव्हता. बारा वर्षांपूर्वी सिक्की बारांग लोम्पो बेटावरचा सगळ्यात दमदार पाणबुड्या होता. तोंडात हवेची नळी धरून पंधरा-सोळा वाव खाली उतरायचा आणि वाळूतल्या समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे लांबट, मऊ जीव, वेचून जाळीत भरायचा. होडी हाजीची. एके दिवशी लांबवर गस्तीची बोट दिसली आणि पकडलं जाऊ नये म्हणून हाजीनं सिक्कीच्या कमरेचा दोर एका दमात वर ओढायला लावला. तासभर खोल पाण्यात असलेला माणूस असा वर आला, की रक्तातली हवा अंगात अडकते. संध्याकाळपर्यंत सिक्कीचा पाय लाकूड झाला. हाजीनं तांदळाचं एक पोतं पाठवलं. पुढं सुकवून विकलेल्या समुद्रकाकड्यांवर हाजीचा बंगला उभा राहिला, आणि टाकी आणल्यावर त्याला सिक्कीची आठवण झाली.

सिक्कीनं काम मात्र चोख केलं. टाकीत वाळू खाणाऱ्या चार समुद्रकाकड्या होत्या. त्यांच्यासाठी त्यानं चार बोटं जाडीचा बारीक वाळूचा थर घातला, कारण वाळूतलं खाणं संपलं की त्या दिवसेंदिवस आक्रसत जातात. जनावर आत ओढलं जाऊ नये म्हणून पंपाच्या प्रत्येक तोंडावर त्यानं काळ्या स्पंजची टोपी बांधली. हलवायची वेळ आली तर वाडगा पाण्याखाली धरून त्यांना त्यात सरकवायचा, उघड्या हवेत कधी काढायचा नाही. माशांना डाग पडले तेव्हा दुकानदारानं तांब्याचं औषध दिलं, ते समुद्रकाकड्यांना मारतं म्हणून त्यानं टाकीत घातलं नाही. आजारी मासे वेगळ्या टबात ठेवून बरे केले. मागच्या अंगणात गाळलेल्या समुद्राच्या पाण्याचे दोन ड्रम तो कायम भरून ठेवायचा. त्या ड्रमांचं काम काय, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

हाजीची मुलगी हास्निया त्याला रोज चहा द्यायची. जोडीनं फिरणाऱ्या दोन नारिंगी माशांना तिनं नावं दिली होती. त्या घरात सिक्कीला मानानं "बसा, दाएंग" म्हणणारी ती एकटीच.

मग हाजीनं एक वेगळीच समुद्रकाकडी आणली. लाल-निळी, मुठीएवढी, तोंडाभोवती पिवळा पिसारा. सिक्कीनं ती पाहिली आणि ही नको म्हणून सांगितलं. ही वाळू खात नाही, पाण्यातलं बारीक खाणं पिसाऱ्यानं टिपते, उपाशी मरते. आणि घाबरली किंवा चिरडली, तर विष सोडते. टाकीतला मासा उरत नाही.

"मला शिकवतोस?" हाजी म्हणाला. "ह्या धंद्यात माझा जन्म गेला."

"पुंग हाजी, तुम्ही मेलेल्या पाहिल्यात. जिवंत मी पाहिल्यात."

दुसऱ्या दिवशी टाकीपाशी ठेवलेलं सिक्कीचं स्टूल दिसेनासं झालं. तेव्हापासून तो उभ्यानंच, दिवसातून चार वेळा, बारीक नळीनं त्या जनावराला शेवाळ भरवू लागला. तीन महिने ते जगलं.

हास्नियाला मागणी घालायला मुलाकडचे येणार होते, त्या दिवशी सकाळी हाजी टाकीपुढं उभा राहिला. काळ्या टोप्या त्याच्या डोळ्यांत खुपल्या. त्या काढ, म्हणाला. सिक्की नको म्हणाला. पुन्हा एकदा नको म्हणाला.

"पाय गेला, पण जीभ शाबूत राहिली वाटतं," हाजी सगळ्या नोकरांदेखत म्हणाला. "तीच जायला हवी होती."

सिक्कीनं टोप्या काढल्या. लाल जनावर उघड्या पंपापासून वीतभर अंतरावर काचेला चिकटून सरकत होतं. वाडगा हाताशी होता. त्या जनावराला वाडग्यात घ्यायला हाजीनं मनाई केली नव्हती, आणि सिक्कीला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसला.

दुपारी पाहुण्यांपुढं केळीच्या पानात उकडलेलं गोड बारोंगको आलं, तेव्हा पंप घरघरला. लाल-पिवळ्या चिंध्या पाण्यात उडाल्या आणि टाकी ढगाळली. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, मग आडवे होऊ लागले. नवऱ्या मुलाच्या आत्यानं हातातलं पान खाली ठेवलं आणि तोंड फिरवलं.

हाजीनं हाक मारली. लवकर ये, काहीतरी कर, म्हणाला.

"येतो ना, पुंग," सिक्की पायरीवरून म्हणाला. "सावकाश येतो. घाईनं वर आलेल्याचं काय होतं, ते तुम्ही पाहिलंय."

तेवढ्यात हास्निया नेसूच्या रेशमी कपड्यांत, कोपरापर्यंत हात ओले करून त्याच्यासमोर आली. ओंजळीत दोन्ही नारिंगी मासे होते.

"दाएंग, कशात ठेवू ह्यांना?"

तेव्हा त्यानं मागच्या ड्रमांकडं बोट केलं. ती पळाली. मासे ड्रमच्या तळाशी गेले, ते पुन्हा हलले नाहीत.

मुलाकडचे उठले आणि निघून गेले. आठवड्यानं त्यांचा निरोप आला, की आत्याला लक्षण चांगलं वाटलं नाही. हाजीनं सगळं खापर ते जनावर विकणाऱ्यावर फोडलं. सिक्कीवर त्याला संशयही आला नाही; ह्या लंगड्यात तेवढी अक्कल आहे, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. वाळूतल्या चारही समुद्रकाकड्या जिवंत राहिल्या होत्या. त्या हाजीनं सिक्कीकडूनच चिरून, उकडून घेतल्या आणि टाकीचं काम उरलं नाही म्हणून त्याला हाकलून दिलं.

बेटावर परतल्यावर त्यानं बायकोला, दाएंग कानांगला, सगळं सांगितलं. वाडग्याचंही सांगितलं. तिला आनंद होईल अशी त्याची समजूत होती.

कानांगनं हातातली मासळी खाली ठेवली. मग म्हणाली, "हाजीचा गळा धरला असतास तर मी कुणापासून तोंड लपवलं नसतं. त्या पोरीनं तुझं काय केलं होतं?"

सिक्की आता बेटावरच्या उकडशाळेत बसतो. समोर येईल ती समुद्रकाकडी उभी चिरून आतडी काढतो आणि कढईत टाकतो. हात पूर्वीसारखाच झपाट्यानं चालतो. हास्नियाचं लग्न अजून जमलेलं नाही, असं शहरातून येणारे सांगतात. तो ऐकतो, आणि पुढची समुद्रकाकडी उचलतो.