बोटानं वाचणारी

माझी लेक मठ्ठ आहे, असं नांदेडच्या शाळेतल्या गुरुजींनी मला सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "मठ्ठ म्हशीला म्हणत्यात गुरुजी, लेकराला न्हाई." तोंडाची मी पहिल्यापासून अशीच. आमचे हे कचेरीत कारकून. सरळ माणूस, साहेबानं दिवसाला रात्र म्हटलं तर कंदील लावायला उठतील. ते म्हणायचे, "तुझ्या जिभेपायी एक दिवस मला पार हिमायतनगरच्या पलीकडं फेकतील." बदली झाली खरी, पण ती माझ्या जिभेपायी नाही. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, तिथं माणसं हवी होती. आम्ही बाडबिस्तरा उचलून लातूरला आलो. दुष्काळ आमच्या आधीच तिथं येऊन बसला होता.

पोरगी तेव्हा तिसरीत होती. होती म्हणजे, पहिलीत एकदा बसून राहिली आणि पुढं वय वाढलं म्हणून ढकलत ढकलत आणलेली. एरवी तिच्यासारखी चलाख पोर गल्लीत नव्हती. गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगणार, वर स्वतःचं तिखटमीठ लावणार. मुदखेडच्या माझ्या माहेरी कुणी काय आहेर केला होता, हे मी विसरायचे, ती विसरायची नाही. पण पुस्तक उघडलं की तोंडाला कुलूप. कपाळावर घाम यायचा. डॉक्टरांना डोळे दाखवले, ते म्हणाले, नजर चांगली आहे. मग काय होतंय, म्हणून मी तिला जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "माय, अक्षरं एका जागी उभीच ऱ्हाईनात. मी एक धरलं की दुसरं पळतंय."

आता असल्या लेकरांसाठी तपासणी असते, परीक्षेत जादा वेळ मिळतो, शाळेत वेगळे शिक्षक येतात. तेव्हा यातलं काही नव्हतं. तेव्हा दोनच जाती होत्या, हुशार आणि ढ.

आमच्या घरात तर हे फार लागायचं. माझे सासरे शाळेच्या बाहेर, ओट्याखाली बसून शिकलेले. आत बसू द्यायचे नाहीत त्यांना. त्यांनी मजुरी करून पोराला शिकवलं, सरकारी नोकरीत चिकटवलं. म्हातारपणीसुद्धा दर रविवारी वस्तीतल्या विहारात पोरं गोळा करून पाढे म्हणून घ्यायचे. आणि त्यांच्या सख्ख्या नातीला 'कमळ' वाचता येईना. ते बोलायचे नाहीत काही. नुसते तिच्या पाटीकडं बघत बसायचे.

लातूरच्या शाळेत हेडमास्तरांनी दिवाळीनंतर आम्हा दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. दुष्काळानं निम्म्या पोरांची हजेरी गेली होती, प्यायला पाणी नव्हतं, तेही बेजार होते. पण बोलले ते बोललेच. "हिचा भार वर्गावर पडतोय. औरंगाबादकडं मंदबुद्धी मुलांची शाळा आहे, वसतिगृह आहे. तिथं ठेवा. नाहीतर असं करू, वार्षिक परीक्षेला हिचं वाचन मी स्वतः घेतो. एक धडा नीट वाचला तर चौथीत. नाही वाचला तर दाखला घेऊन जा."

हे म्हणाले, "हो सर."

रस्त्यात मी ह्यांना धुवून काढलं. "कामून हो म्हणालात? ती मंद हाय का?" हे म्हणाले, "मंग काय करू? ते म्हणतेत तर असंल." त्या लांबच्या शाळेला मी नावं ठेवत नाही. ज्या लेकरांना तिची गरज होती, त्यांना तिचा आधारच झाला असेल. पण माझ्या पोरीला अंधारात अजून माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोप लागत नव्हती, आणि तिला मी परक्या गावात, चुकीच्या नावाखाली ठेवून यायचं होतं.

पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत एक दिवसाआड यायचा, कधी दोन दिवसांनी. सकाळपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या. टँकर आला की रांग गेली उडत. बायका, पोरं, बादल्या, शिव्या, सगळं एकदम. त्या दिवशीही तसंच झालं. धक्काबुक्कीत घागरी आडव्यातिडव्या झाल्या, आणि शेवटी एका पितळी घागरीचा काठ माझ्या हातात आणि दुसरा काठ शेजारच्या काकूच्या हातात, असा प्रकार झाला.

"सोड, माझी हाय!"

"तुमची कशी? मी सकाळपासून उन्हात काय घागरीचं लगीन लावायला बसले व्हते का?"

दोघींच्या घागरी एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. प्रत्येक घागरीवर नाव टाकलेलं असतं, तसं हिच्यावरही होतं. पण पाणी नाही म्हणून सगळ्या बायका भांडी कोरड्या राखेनं घासायच्या. घासून घासून नावं पार पुसट झाली होती. उन्हात तर काहीच दिसेना. मी तोंड सोडलं, काकूनंही सोडलं. आजूबाजूच्या बायकांना तेवढीच करमणूक झाली.

तेवढ्यात पोरगी मधे घुसली. घागरीच्या गळ्याखाली तिनं बोट फिरवलं, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं, आणि म्हणाली, "माय, सोड. ही काकूची हाय. हिच्यावर मामा हाय."

"कुठला मामा?"

"लिवलंय की. मामा."

काकूनं घागर तिरपी करून उजेडाला धरली. काकूच्या लग्नात तिच्या मामानं दिलेली ती घागर होती. नावाच्या जागी 'मामाकडून भाचीस' असं कोरलेलं होतं. आमची घागर टँकरच्या चाकाजवळ चेपून पडली होती. गल्लीभर भांडण करून मी हरले होते, घागर गेली होती, पाणी मिळालं नव्हतं आणि मी रस्त्यात उभी राहून खदाखदा हसत होते. काकू म्हणाली, "उन्हानं येडी झाली गं बाई ही," आणि तिनंच मला अर्धी बादली पाणी दिलं.

घरी आल्या आल्या मी पोरीच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. आमची ताटं, तांबे, वाट्या समोर मांडल्या. तिनं सगळ्यांवरची नावं सांगितली. मला वाटलं, भांडीच ओळखीची आहेत, भांडी घासताना 'हे काय लिवलंय, ते काय लिवलंय' म्हणून ती मला सारखी विचारायची, त्यातून पाठ झालं असेल. म्हणून मी काकूकडून तिनं कधी न पाहिलेलं एक ताट मागून आणलं. काकूही मागोमाग आली, भांडण विसरून. पोरीनं बोट ठेवलं. "स," म्हणाली. पुढच्या जोडाक्षराला अडली, परत परत बोट फिरवलं, सोडून दिलं. मग शेवटचा शब्द सावकाश, एकेक अक्षर सोडवत म्हणाली, "भे... ट. भेट."

अगं बाई गं! ताटावर 'सप्रेम भेट' होतं. मी टॉवेल सोडला आणि तिचे मुके घेत सुटले. ती म्हणाली, "सोड ना माय, गुदमरून राहिले मी." माझं डोकं फिरलंय असंच तिला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी ते ताट पिशवीत घालून मी शाळेत गेले. वर्गावरच्या बाई नव्या होत्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. मी ताट टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "बाई, माझ्या लेकीला अक्षरं येतात. फक्त तुमच्या फळ्यावरची येत न्हाईत." बाई आधी घाबरल्या. मग त्यांनी पोरीला बोलावून डोळे मिटायला सांगितलं आणि तिच्या तळहातावर बोटानं एक अक्षर काढलं. पोरगी म्हणाली, "ग." मग 'ळ' काढला, मग 'ध'. पोरगी बरोबर सांगत गेली. बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला कॉलेजात हे कुणी शिकवलंच नाही हो."

मग सुरू झाला आमचा उद्योग. मांजरा नदी तेव्हा कोरडीठाक, वाळू पाहिजे तेवढी. मी वाळू चाळून आणायचे आणि पिठाची खळ शिजवायचे. आमच्या ह्यांचं अक्षर वळणदार, कचेरीत त्यांच्या अक्षराचं कौतुक व्हायचं. संध्याकाळी आले की पुठ्ठ्यावर खळीनं मोठमोठी अक्षरं काढायचे, वर वाळू भुरभुरायची, वाळली की झटकायची. सासरे ओसरीवर बसून नातीचा हात धरून अक्षरांवरून फिरवायचे. पहिल्यांदा बोलले ते एवढंच, "आम्हीबी धुळीतच शिकलो." घरभर वाळू झाली. भाकरीत वाळू, अंथरुणात वाळू. मी करवादायचे, पण झाडून टाकायचे नाही.

सोपं गेलं असं कुणी समजू नये. वाळूची अक्षरं यायला लागली तरी पुस्तकातली पळायचीच. मग बाईंनी तिला शिकवलं, पुस्तकातलं अक्षर बघायचं, तेच बोटानं मांडीवर काढायचं आणि मग तोंडानं म्हणायचं. डोळा, बोट, तोंड. तासाभरात दोन ओळी व्हायच्या. एकदा जोडाक्षरांना कंटाळून तिनं पुठ्ठाच चुलीत घातला आणि म्हणाली, "मला पाठवून द्या त्या औरंगाबादला." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आम्ही दाराआड बोलत होतो ते ती सगळं ऐकत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा गप्प बसले. बाई मात्र घरी आल्या, तिच्याशेजारी बसून नवा पुठ्ठा केला, आणि तिच्या तोंडून इतिहासाचे धडे ऐकून घेतले. वर्गातही त्या तिला पुढं बसवायच्या, उत्तरं तोंडी घ्यायच्या. हेडमास्तर येताजाता म्हणायचे, "काय बाई, वाळूत खेळवता का पोरांना?"

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं हेडमास्तरांच्या खोलीत उभे. बाई दाराशी. ऊन मी म्हणत होतं. हेडमास्तरांनी तिसरीचं पुस्तक मधूनच उघडलं आणि बेडकाचा धडा काढून दिला. पोरगी बाकावर बसली. उजवा हात मांडीवर. एक शब्द आला, दुसरा आला. सावकाश, पण येत होते.

"हात वर घे," हेडमास्तर म्हणाले. "ही काय चाळवाचाळव? हात टेबलावर ठेवून वाच."

तिनं हात वर घेतले आणि वाचन थांबलं. पुस्तकावर नजर, ओठ हलतायत, आवाज नाही. कपाळावर तोच जुना घाम. बाई म्हणाल्या, "सर, तिला बोट लागतं." हेडमास्तर म्हणाले, "बाई, वाचनाला डोळे लागतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांनी माझा दंड दाबला, पण मी बोलून गेलेच. "सर, तुम्ही चष्मा काढून एक ओळ वाचून दावा. मंग माझी लेक बोट काढंल."

आता दाखलाच मिळतो हातात, असं आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुस्तकाकडं डोळे बारीक करून बघितलं. चष्मा परत घातला आणि खरं सांगते, गालात हसले. "वाच बाळ. हात कुठं का असेना."

हात मांडीवर गेला. बेडूक विहिरीत होता, तिथून ती निघाली. एका जोडाक्षरापाशी अडकली, मी पदर दातात धरला, बाईंचे ओठ हलायला लागले. तिनं ते अक्षर मांडीवर दोनदा काढलं आणि पार केलं. पान उलटलं. आवाज थोडा मोठा झाला.

"पुरे," हेडमास्तर म्हणाले. "झालं. चौथीत."

तिला ऐकूच गेलं नाही. डोकं पुस्तकात, बोट मांडीवर, ती पुढंच चालली होती. हेडमास्तरांनी पुस्तक घ्यायला हात पुढं केला, आणि आमचे हे, जन्मात कुठल्या साहेबाला नाही न म्हटलेले, एक पाऊल पुढं येऊन म्हणाले, "न्हाई सर. वाचू द्या तिला. धडा संपू द्या."

हेडमास्तरांनी हात मागं घेतला. मी भिंतीला टेकून खाली बसले, रडत होते का हसत होते कुणास ठाऊक, पण कितीतरी महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं. आमचे हे तसेच मधे उभे राहिले, आणि ती वाचत राहिली.