मागावरचं फडकं

हातावर पोट असणाऱ्या विणकरांना संघ कशाला हवा, असं मला अजून विचारतात. सोलापुरात आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग होते. पण शेजारी दारात दिसला की आम्ही आधी मागावरच्या लुगड्यावर फडकं टाकायचो. आपल्या किनारीची नक्षी त्यानं उचलू नये म्हणून! लुगडी घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. प्रत्येकाला तो ऐकवायचा, "तुझा शेजारी याहून स्वस्तात देतो." शेजाऱ्याला विचारणार कोण?

एका सकाळी शेजारीण आली. नवऱ्यानं फडकं टाकलं, मी ते ओढून काढलं. "नक्षी हवी तेवढी बघ," मी तिला म्हटलं, "पण तुमी लुगडं केवढ्याला देता ते सांग."

तिनं सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. दोन्ही घरांचा भाव एकच होता.

त्याच आठवड्यात गल्लीनं संघ केला. भाव ठरवून आम्ही सगळे पेढीवर गेलो. गर्दी बघून व्यापारी आतूनच म्हणाला, "एकेकानं आत या की."

"एकेकानं लई वर्षं आलो," मी म्हटलं. "आता तुमी बाहेर या."