मानसशास्त्राचा बाजारभाव

जूनचा दुसरा रविवार, सकाळ. हजर: मी, नवरा, मुलगी. विषय: मुलीचं मानसशास्त्रातलं एम.ए. आणि त्यासाठीचं शैक्षणिक कर्ज. सहकर्जदार म्हणून माझी सही हवी होती. प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती.

मी मार्केट यार्डात एका अडत्याकडे हिशेब सांभाळते. तिथे आधी भाव, मग माल. घरीही माझं तेच. कागदाच्या डाव्या बाजूला कर्ज मांडलं: बारा लाख, शिक्षण संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू, महिना अठरा हजार. उजव्या बाजूला मुलीने पास झालेल्या मैत्रिणींना विचारून आणलेला पगार: पंचवीस हजार. उरले सात. नवरा खडकीच्या कारखान्यात आहे; त्याची निवृत्ती सहा वर्षांवर, कर्ज दहा वर्षांचं.

“सात हजारांत ही लोकांचं टेन्शन घालवणार,” तो म्हणाला, “आपलं कोण घालवणार?”

“घरच्यांना डिस्काउंट नाही, बाबा.”

मला उजवी बाजू अपुरी वाटत होती. सुरुवातीला पंचवीस, ठीक आहे, पुढे काय? मुलीला माहीत नव्हतं, आणि नेटवर ज्याचा त्याचा वेगळा आकडा. तेव्हा धंदा करणाऱ्यालाच विचारायचं ठरवलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत समुपदेशकांना फोन लावले. दोन ठिकाणी कमाईचा विषय काढताच फोन ठेवला गेला. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, अपॉइंटमेंट कुणासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी. गुरुवारी कुणीतरी रद्द केल्यामुळे जागा होती, नाहीतर तीन आठवडे थांबावं लागलं असतं. तीन आठवड्यांची रांग मी लगेच उजव्या बाजूला लिहून टाकली.

गुरुवार, संध्याकाळ. हजर: मी आणि समुपदेशक मॅडम, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. समोरासमोर खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा. त्यांनी मृदू आवाजात विचारलं, आज कशाबद्दल बोलूया? मी पर्समधून कागद काढला.

“या खोलीचं भाडं किती पडतं?”

मॅडमनी आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या मनातल्या मनात बेरीज करताहेत असं वाटून मी थांबले.

मग मी मुलीचं एम.ए., कर्ज आणि अडलेली सही सांगितली, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, तेही हसू आवरत. पदवीनंतर काही वर्षं हॉस्पिटलात तुटपुंज्या पगारावर काढली, सुट्टीच्या दिवशी शाळांची कामं केली, कर्ज ओढूनताणून फेडलं. आता बरं चाललंय. पण दिवसाला पाचाहून जास्त माणसं ऐकली की डोकं चालत नाही, आणि आजारी पडलं की कमाई शून्य. मी लिहून घेतलं. प्रश्न संपले तरी निम्मा वेळ शिल्लक होता.

“फी पूर्ण भरलीय तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “आता मी विचारते. आकडे बसतात का?”

“ओढाताण होईल. पण बसतात.”

“मग सही कुठे अडलीय?”

याचं उत्तर कागदावर नव्हतं. मी म्हटलं, मुलीने गिटार सोडली. जपानीचा क्लास सोडला. पोहणं तर पैसे भरून आठवड्यात सोडलं. हेही मध्येच सोडलं तर हप्ता काही सुटत नाही.

“हे तिला विचारलंत?”

“रडेल ती.”

“रडू दे. डबा हवा तर घेऊन जा.”

वर त्यांनी गृहपाठ दिला: मुलीला एवढंच विचारायचं, हातात कागद घ्यायचा नाही, आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

घरी आल्यावर मी भाडं, रांग आणि आजारपण असं सगळं मुलीपुढे ठेवलं. गृहपाठ वगळला.

“आई, तू पेशंट होऊन मार्केट सर्व्हे केलास?” ती इतकी हसली की नवरा आतून बघायला आला. मग तिने माझा कागद ओढून घेतला आणि आजारपणासमोर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पहिल्या पगारापासून बाजूला काढणे.

शुक्रवारी बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने खुणा केलेली पानं पुढे सरकवली. मुलगी शेजारी बसून पानं उलटून देत होती. विचारायचं तर इथेच, असं मनात आलं. पण गप्प बसून तिचं ऐकण्यापेक्षा सही सोपी वाटली. मी केली, जिथे जिथे खूण होती तिथे सगळीकडे.

फ्रिजवर माझी आठवड्याची यादी असते. गॅस नोंदवणे, झालं. कर्जाच्या कागदांची झेरॉक्स, झालं. मुलीला विचारणे, हे तेवढं दर रविवारी नव्या यादीत उतरवते आहे. काल तिने ते वाचलं आणि विचारलं, “काय विचारायचंय?” मी म्हटलं, आधी कुकर लावते.