मामांच्या सोवळ्यातली हार्ड डिस्क

पुसलेली फाइल खरोखर पुसली जात नाही, यावर माझ्या मामांइतकी अढळ श्रद्धा असलेला दुसरा मनुष्य परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. वास्तविक त्यांचा पिढीजात व्यवसाय नेमका उलटा आहे. गंगाखेडला गोदाकाठी ते दहाव्या-तेराव्याचे विधी चालवतात, म्हणजे गेलेल्यांना रीतसर निरोप देतात. आणि दुपारी जेवण आटोपले की गेलेल्या फायलींना परत बोलावत बसतात.

या विद्येचा श्रीगणेशा त्यांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून केला. मुलाच्या मुंजीचे फोटो चुकून पुसले गेले होते. फायली परत आणणारे सॉफ्टवेअर मामांनी त्याच डिस्कवर उतरवून घेतले. पुसलेल्या फायलींची जागा संगणक मोकळी समजतो. सॉफ्टवेअर तिथे ऐसपैस मांडी घालून बसले आणि ज्यांना वाचवायचे तेच फोटो त्याच्याखाली चिरडले गेले. अखेर एकच फोटो हाती लागला, तोही आचाऱ्याचा. त्या दिवसापासून हाती येणारी प्रत्येक मूळ डिस्क सोवळ्यात गेली. तिच्यावरचे फक्त वाचता यावे, तिच्यावर काही लिहिले जाऊ नये म्हणून गुन्ह्यांच्या तपासात डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये एक छोटे यंत्र जोडतात. मामांनी ते मागवलेच, शिवाय आंघोळ केल्याखेरीज ते डिस्कला हात लावत नाहीत. कोणी पेनड्राइव्ह घेऊन पुढे सरकला की ओरडतात, "तिथंच थांबा! शिवू नका!" डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि सगळे उपचार त्या प्रतीवर करायचे, हा या शास्त्राचा मूळ नियम. तो त्यांनी मला असा समजावला: "देह हाती लागला न्हाई, तर आमी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याच्यावर विधी करतो. तुमच्या सायन्सनं नवं काय केलं गं?" प्रत काढण्यासाठी ते मुहूर्तही पाहतात. मी त्याला हसत असे. पुढे लक्षात आले की हे मुहूर्त लोडशेडिंगच्या वेळा तंतोतंत चुकवतात.

माझे हसणे थांबले ते माझ्यावर वेळ आली तेव्हा. कपाशीवरच्या बोंडअळीची तीन हंगामांची छायाचित्रे, म्हणजे माझे सारे संशोधन, एका हार्ड डिस्कवर होते आणि बेंगळुरूच्या संशोधनसंस्थेत मुलाखत आठवड्यावर आली होती. वडिलांनी ती डिस्क रिकामी समजून फॉरमॅट केली आणि तिच्यावर आवडत्या कीर्तनांची रेकॉर्डिंगे भरली. दुसरी प्रत नव्हती. मी गंगाखेडची एसटी धरली.

मामांनी डिस्क हातात घेतली आणि प्रथमच विनोद केला नाही. प्रत निघाली. तिच्यातून चित्रे वर येऊ लागली, पण फायलींची नावे कायमची गेली होती. तारखा चित्रांच्या पोटात असतात, त्या संगणकाने वाचल्या की काम भागेल, असे मी सांगितले. परंतु मामांना यंत्राचा भरवसा नव्हता. "नाव म्हाईत नसलेल्या पितरांना पण आमी पाणी देतो. एकेकाला बघावं लागतं," म्हणून ते प्रत्येक अळी स्वतः उघडून पाहू लागले. "ही लय माजलेली दिसायलीय. ही बिचारी उपाशी हाय." मामी चहा ठेवून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "माझ्याकडं कधी एवढं निरखून बघितलं न्हाई."

दोन हंगाम शाबूत निघाले. तिसऱ्याचा मोठा भाग कीर्तनांखाली गाडला गेला होता. मामांनी वडिलांना फोन लावला. "भावजी, औषधाला दाद न देणाऱ्या अळ्या तुमच्या कीर्तनानं मारल्या की हो!" फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी प्रतीचा तो भाग पुन्हा एकदा चाळून पाहिला. मग हळूच म्हणाले, "ह्या गेल्या गं पोरी." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

मुलाखतीत मी तिसऱ्या हंगामाची हकीकत जशीच्या तशी सांगितली. जागा मिळाली. आता बेंगळुरूत माझा प्रत्येक आकडा तीन ठिकाणी जपलेला असतो. मामा दर रविवारी फोन करतात आणि आशेने विचारतात, "काही उडालं का?"

"नाही मामा, सगळं व्यवस्थित आहे."

"बरं, बरं. चांगलं हाय," ते म्हणतात, पण आवाज थोडा खाली जातो.

परवा मी म्हटले, "पुढच्या महिन्यात गंगाखेडला येते."

"ये की! काय आणायलीस?"

"काही नाही. नुसतीच येते."

मामांनी खऱ्याखुऱ्या काळजीने विचारले, "मग दोघांनी बसून करायचं काय गं?"

मी तिकीट काढले आहे.