सुटी वस्तू

नाशिकबाहेरच्या धावपट्टीवर माझी पहिलीच ड्रॅग रेस होती, दोन-दोन गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत. बाबांची जुनी गाडी घेऊन मी रांगेत उभा होतो. पुढच्या, तितक्याच जुन्या गाडीत पन्नाशीच्या एक बाई होत्या. तपासणाऱ्या माणसाने त्यांच्या डॅशबोर्डवरचा गणपती हलवून पाहिला. तो डुगडुगला.

"ताई, सुटी वस्तू चालणार नाही."

बाईंनी डब्याच्या पिशवीतून उलथणं काढलं आणि तव्याला चिकटलेलं थालीपीठ सोडवावं तसा गणपती हळूच सोडवला.

"ह्यांनी चिकटवला होता, गाडी घेतली त्या दिवशी," म्हणत त्यांनी गाडीतून उतरून मूर्ती माझ्या खिडकीतून आत दिली. "धरा. खाली नका ठेवू हं."

हिरवा दिवा लागला, त्यांची गाडी उसळली. पार टोकाला धुळीचा लोट उठला आणि गाडी दिसेनाशी झाली. मी मूर्ती दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. बराच वेळ कोणीच येईना. मग बाजूच्या रस्त्याने गाडी सावकाश परत आली.

"हरले," हेल्मेट काढत, माझ्या खिडकीशी येऊन बाई म्हणाल्या. "पण ब्रेक लागले बाई एकदाचे!"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी मूर्ती त्यांच्या हातात दिली आणि घाईघाईने गिअर टाकला. त्यांनी हात आत घालून माझं स्टिअरिंगच धरलं.

"थांबा. एक वस्तू सुटी राहिलीय."

"कुठली?"

"तुम्ही."

मी खाली पाहिलं. गणपती सांभाळायच्या नादात सीटबेल्ट लावायचाच राहिला होता.