हिबाचीच्या तव्यापुढे आई

तुम्ही तुमच्या आईला कधी गरम जेवताना पाहिलं आहे? उत्तर घाईने देऊ नका. जरा आठवून बघा.

मी घर सोडलं त्या सकाळी आमच्याकडे पंगती उठत होत्या. चोपड्याजवळच्या आमच्या गावातून परदेशी शिकायला जाणारी मी पहिलीच मुलगी. त्यामुळे भाऊबंद, शेजारी, नानांच्या चळवळीतली माणसं, सगळे निरोपाला जमले होते. नाना म्हणजे माझे वडील. जळगावला सोडणारी जीप दारात उभी होती आणि आई पुऱ्या तळत होती. हाक मारल्यावर ती बाहेर आली, पण हात पिठाचे होते, म्हणून तिने मनगटानेच माझी बट मागे सारली. "पोचली की पहिले जेव," एवढंच म्हणाली. जीप वळायच्या आत मी मागे पाहिलं. नाना हात हलवत उभे होते. आई आत गेली होती. दुसरी पंगत बसायची होती.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. नाना ती चोपड्याच्या छापखान्यातून आणायचे आणि आठवडी बाजारात वाटायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. भाकरीच्या टोपलीतसुद्धा उरलेली पत्रकं अंथरलेली असायची. पाण्याचा हक्क, मजुरीचा हक्क, बाईच्या बरोबरीचा हक्क. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि मला ते आजही खरं वाटतं. पण त्या बरोबरीवर चर्चा करायला जी माणसं ओसरीवर बसत, त्यांच्यासाठी आई आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत असे. नाना मोठ्या मनाने हाक मारायचे, "अगं, तूही ये बसायला." आतून उत्तर यायचं, "तुम्ही जेवी ल्या, मी मंग जेवसू." तुम्ही जेवून घ्या, मी नंतर जेवीन. नाना 'बरं' म्हणायचे आणि चर्चा पुढे चालायची. चौदाव्या वर्षी मी भांडले, आई बसल्याशिवाय जेवणार नाही म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तव्यावरची कोण उतारी, तू?" मला भाकरी उलटताही येत नव्हती.

आता मी अमेरिकेत ओहायोमध्ये राहते. सकाळी लॅब, संध्याकाळी बस, फ्रीजमध्ये आठवड्याचे डबे. मायक्रोवेव्हमधून काढलेलं वरण वाफाळत असतं आणि मी ते एकटीच बसून गरम गरम खाते. पहिल्या हिवाळ्यात एकदा घास तोंडात असताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या आईला हे कधी मिळालेलं नाही. मला तेव्हा नुसतं वाईट वाटलं नाही. राग आला. नानांचा आला, गावाचा आला, त्या सगळ्या पत्रकांचा आला.

म्हणून आईनाना मला भेटायला आले तेव्हा मी मुद्दाम हिबाची रेस्टॉरंट निवडलं. हा जपानी धाटणीचा प्रकार. मध्ये खाटेएवढा लोखंडी तवा, त्याच्या तीन बाजूंनी गिऱ्हाइकं बसतात आणि चौथ्या बाजूला उभा राहून स्वयंपाकी सगळ्यांसमोर रांधतो. माझा हिशेब सरळ होता. इथे आईला उठून जायला स्वयंपाकघरच नाही. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आधीच फोन करून तव्याचा एक कोपरा आमच्यापुरता वेगळा ठेवायला सांगितलं होतं.

आमचा स्वयंपाकी आंडी नावाचा तरुण होता, मूळचा इंडोनेशियाचा. त्याने उलथणी वाजवली, टोपी उडवली, कांद्याच्या चकत्यांचा डोंगर रचून त्यातून जाळ काढला. तव्याभोवतीचे सगळे टाळ्या वाजवायला लागले. मग त्याने ब्रोकोलीचा तुकडा नानांच्या तोंडाकडे फेकला. तो चष्म्यावर आपटला. दुसरा कानाला लागला. तिसरा नानांनी अचूक झेलला आणि स्वतःच टाळी वाजवली.

"आपल्या भरीत पार्टीसारखंच आहे हे," नाना खुशीत म्हणाले. "मधे जाळ, भोवती माणसं."

"आन पुऱ्या कोन तयस?" आईने विचारलं. नाना चष्मा पुसायला लागले. आमच्याकडे थंडीत पुरुषमाणसं शेतात वांगी भाजतात, त्याचं कौतुक सगळे करतात. पुऱ्या घरच्या बायका तळून पाठवतात.

आंडीने आमचा भात आणि भाज्या आधी केल्या आणि पहिली ताटली आईपुढे ठेवली. आईने ती नानांकडे सरकवली. दुसरी आली, ती माझ्याकडे. तिसरी तिने शेजारच्या म्हाताऱ्या बाईंपुढे ठेवली. त्यांनी कोळंबी मागवली होती. त्या गोंधळून थँक्यू म्हणाल्या. आंडी हसला, म्हणाला, माझी आईपण अशीच आहे, आणि चौथी ताटली भरायला लागला.

मी भाषांतर करून सांगितलं. आईचा चेहरा बदलला. इतका वेळ ती त्याच्या हातांकडे बघत होती, आता त्याच्या तोंडाकडे बघू लागली. "भाऊ, तुम्ही कवय जेवतस?"

तुम्ही कधी जेवता, असं मी त्याला इंग्रजीत विचारलं. त्याने खांदे उडवले. सगळी टेबलं उठल्यावर, म्हणाला. मागच्या दाराशी, उभ्यानेच.

"मंग मी बी मंगच जेवसू," आई म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मी हरले होते. आणि मला तिचं म्हणणं खोडताही येईना, कारण ते बरोबर होतं. आईला बसवण्यासाठी मी दुसऱ्या एका आईच्या लेकाला उभं केलं होतं. आमच्या कुठल्याच पत्रकात यावर ओळ नव्हती.

तेव्हा नानांनी चमचा खाली ठेवला. त्यांची ताटली समोर वाफाळत होती. "तू पहिला घास घेतल्याशिवाय मी खाणार नाही," ते म्हणाले.

"पत्रक वाची ऱ्हायनात का?" आईने टोमणा मारला.

नाना घरातही भाषणातली मराठी बोलायचे. आईची अहिराणी त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकली आहे. ते हळू आवाजात म्हणाले, "नही. तुले सांगी ऱ्हायनू."

उलथणी हातात धरून आंडीही थांबला. म्हाताऱ्या बाईंनी तोंडाशी नेलेली कोळंबी परत ठेवली. आईने एकदा नानांकडे, एकदा आंडीकडे पाहिलं. आंडीने मान हलवून 'घ्या' असं खुणावलं. तिने तव्यावरून नुकताच उतरलेला भात चमचाभर घेतला, तोंडात घातला आणि दचकून ओठांवर हात ठेवला.

"कितलं गरम शे!"

तिची जीभ पोळली होती. जी बाई तव्यावरची भाकरी उघड्या बोटांनी उचलते, निखारा चिमट्याशिवाय सरकवते, तिला गरम घास कसा खायचा ते माहीत नव्हतं. त्यावर फुंकर मारायची असते, हेसुद्धा नाही. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, फार तिखट आहे का? नाही, मी म्हणाले, नुसतं गरम आहे. नानांनी आपल्या ग्लासातला बर्फ चमच्याने काढून आईच्या हातावर ठेवला. ती हसत होती. नाना हसत नव्हते.

आता ते दोघं गावी आहेत. नाना भाकरी थापतात. त्या भाकऱ्यांना कोपरे असतात, आणि आई पाटावर बसून त्यांना नावं ठेवत खाते. व्हिडिओ कॉलवर हे बघताना मला गावाकडे जावंसं वाटतं, तसं आमच्या अंगणासाठी किंवा केळीच्या बागेसाठी कधी वाटलं नाही. घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की जिथे रांधणाऱ्याच्या ताटातून वाफ निघते ते. माझ्या इथल्या खोलीत वाफ निघते, पण वाढायला दुसरं कोणी नाही, म्हणून तिचं घर अजून झालेलं नाही. तुमच्या घराचं तुम्ही बघा.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आज तुमच्या घरी जी कोणी चुलीशी उभी असेल, तिच्या हातातलं उलथणं काढून घ्या आणि तिला पहिलं ताट वाढा. ती उठायला लागेल. पुन्हा बसवा.